बंद असेल, नसेलही

८ जानेवारी, सोमवार. अपघाताविना दिवस : ६११

ही खरं म्हणजे तपासणी वही आहे. प्रत्येक पानावर 'बाब', 'स्थिती' आणि 'शेरा' असे तीन रकाने छापलेत. स्टोअरमधून फुकट मिळाली म्हणून दैनंदिनीला वापरतोय. मला दैनंदिनीची हौस नाही, वरून हुकूम आलाय.

झालं असं, की सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. हेड ऑफिसचं पत्र आलंय. प्रत्येक कारखान्यात मानसिक आरोग्याबद्दल जागृती करायची, त्यासाठी एक माणूस नेमायचा आणि त्या माणसानं मनात येईल ते रोज लिहून काढायचं. साहेब म्हणाले, "तुम्ही सुरक्षा अधिकारी. शरीराची सुरक्षा काय नि मनाची काय, शेवटी सुरक्षाच. तुम्हीच बघा." मी म्हटलं, "साहेब, मनाला हेल्मेट कुठून आणू?" ते म्हणाले, "मग फलक लावा." एका फलकाचे पैसे मंजूर आहेत.

आमचा कारखाना पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. माणसं चौसष्ट आणि जळेल असा माल छताला टेकलेला. अशा जागी बावीस वर्षं मी एक काडी पेटू दिलेली नाही. गळ्यात शिट्टी असते म्हणून लोक पाठीमागे मला 'शिट्टी' म्हणतात. तोंडावर 'काका' म्हणतात. माझी कशालाच हरकत नाही.

केबिनमध्ये पोचायला मात्र चाळीस मिनिटं उशीर झाला. बस स्टॉपवरून तीनदा घरी परत जावं लागलं, शेगडी बंद आहे का ते बघायला. दोनदा बंद होती. तिसऱ्यांदा चालू होती, कारण ही तिच्यावर दूध तापवत होती. मी तरीही बटण बंद केलं. त्यावर ही जे बोलली ते इथे लिहीत नाही, वही सरकारी नसली तरी छापील आहे.

लोकांना ही कटकट वाटते. याला दक्षता म्हणतात.

आमची मुलगी बेबी. एकोणतीस वर्षांची झाली तरी बेबीच. तिला महिनाअखेरीस बाळ होणार. ती राहते ते गाव आगगाडीनं एक दिवसाच्या वाटेवर. सोळा तारखेची आम्हा दोघांची तिकिटं काढलीत. बेबी फोनवर म्हणाली, "बाबा, आई तर येईलच. तुम्ही या." असं ती लग्नानंतरच्या पाच वर्षांत पहिल्यांदा म्हणाली. म्हणजे म्हणत असेल, पण एवढ्या जोरात नाही.

९ जानेवारी. ६१२

गोंद विभागातला धुराचा अलार्म आज पुन्हा विनाकारण ठणाणला. सगळे बाहेर पळाले. कारण निघालं चहाची किटली. मी ताबडतोब परिपत्रक काढलं आणि भिंतीवर चिकटवलं. चांगलं उतरलंय म्हणून इथेही उतरवून ठेवतो :

'अलार्म वाजला म्हणजे आग लागलीच असं नाही. यंत्र मोडलेलं नाही, फक्त फार हळवं झालं आहे. तरी (१) पळापळ करू नये. (२) यंत्र उपटून काढू नये. (३) प्रत्येक वेळी किटली बघायला धावू नये. थोड्या वेळानं ते आपोआप गप्प बसतं. मेकॅनिकला कळवलं आहे.'

घरी हिला वाचून दाखवलं. तिनं वही हातात घेऊन ते दोनदा वाचलं, मग माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान." पुढचं म्हणाली नाही. परिपत्रकाशी त्याचा काय संबंध ते मला कळलं नाही.

१२ जानेवारी, शुक्रवार. ६१५

प्रशिक्षण झालं. हेड ऑफिसनं एक समुपदेशक बाई पाठवल्यात. दर गुरुवारी येणार, गोंद विभागाशेजारच्या खोलीत बसणार. वयानं आमच्या बेबीएवढ्या. तीन तास बोलल्या. चांगलं बोलल्या, पण एकही आकडा नाही. शेवटी मी हात वर करून विचारलं, "तपासणी यादी कुठे आहे?" म्हणाल्या, "माणसांची अशी यादी नसते काका. ऐकावं लागतं." यादीशिवाय जागृती म्हणजे शिट्टीशिवाय मी.

म्हणून मीच दहा खुणांची यादी केली (झोप नसणे, एकाच गोष्टीत अडकणे, उगाच चिडणे वगैरे) आणि दुपारी अख्ख्या कारखान्यातून फिरलो. चौसष्टपैकी सदतीस संशयित निघाले. एचआरच्या बाई दर वाक्यानंतर उसासा टाकतात. कटिंगवाला स्वतःशी बोलतो. साहेब दुपारी दार लावून काय करतात कुणाला माहीत.

सगळ्यात संशयास्पद म्हणजे पैलवान. हा आमचा फोर्कलिफ्ट चालवणारा. देह दरवाजाएवढा, आवाज मांजराचा. माझ्याच स्टॉपवर बस पकडतो. पूर्वी दिवसभर शीळ घालायचा, गाणी म्हणायचा, आता गप्प असतो आणि खोक्यांची थप्पी लावलेलं एकच पॅलेट तीनदा उचलून ठेवतो. त्याला यादीतले प्रश्न विचारले. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "काका, 'एकाच गोष्टीत अडकणे'च्या रकान्यात कारखान्याबाहेरचं धरतात का? नाही म्हणजे, स्टॉपवरून परत फिरलेलं?"

पैलवानापुढे शेरा लिहिला : नसत्या चौकशा.

१६ जानेवारी, मंगळवार. ६१९

ही एकटीच गेली. कारखान्याच्या कामामुळे मला जाता आलं नाही.

समुपदेशक बाई म्हणाल्या होत्या की दैनंदिनीत खोटं लिहिलं तर ती लिहूच नये. तर खरं असं, की रजा मंजूर होती.

टॅक्सी खाली उभी. सामान ठेवलं, ही बसली. मी कुलूप लावून खाली आलो. मग वर गेलो. शेगडीची तिन्ही बटणं हातानं दाबून बघितली, सिलिंडरचा नॉब बघितला, फोटो काढला, खाली आलो. जिन्यात वाटलं, फोटो काढताना कोपर लागून बटण फिरलं असलं तर? वर गेलो. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही. टॅक्सीवाल्यानं विचारलं, "काका, पायऱ्या मोजताय का?" मला हसू आलं नाही. हात भिजलेले आणि छाती अशी धडधडत होती की जणू वर खरंच काहीतरी पेटलंय.

शेवटी ही काच खाली करून म्हणाली, "गाडी चुकेल. तुम्ही थांबा, मी जाते." चिडली नाही. तीस वर्षांत मी हिला चिडताना पुष्कळ पाहिलंय, त्याचं काही वाटत नाही. आज ती नुसती दमलेली दिसली. चिडली असती तर बरं झालं असतं.

टॅक्सी गेल्यावर वर येऊन बघितलं. बंद होती.

२० जानेवारी, शनिवार. ६२३

बेबीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी आजोबा झालो.

फोन आला तेव्हा मी मालाच्या धक्क्यावर होतो. ही म्हणाली, "फोटो पाठवलाय, बघा." बघतो तर फोटो उघडेचना. फोन सांगत होता, जागा शिल्लक नाही. पैलवानाला म्हटलं, "जरा बघ रे, मोबाइल बिघडलाय." त्यानं त्या मोठ्या बोटांनी काहीबाही दाबलं आणि थांबला.

"काका, यात दोन हजार तीनशे फोटो आहेत."

"असतील."

"सगळे शेगडीचे आहेत."

"सगळे नाहीत. काही कुलपाचे आहेत."

तो हसला नाही. म्हणाला, "थोडे काढून टाकू?" मी फोन हिसकावून घेतला. ते रेकॉर्ड आहे. उद्या कुणी विचारलं की अमुक दिवशी शेगडी बंद होती कशावरून, तर?

शेवटी त्याच्या नंबरावर फोटो मागवला. त्याच्याकडे आला आणि मला दिसायच्या आत अख्ख्या धक्क्यानं बघितला. कटिंगवाला म्हणाला, "नाक काकांचं आहे." गोंदवाल्या ताई म्हणाल्या, "देव न करो." मला सगळ्यांत शेवटी, दुसऱ्याच्या फोनवर, ऑइल लागलेल्या काचेतून नात दिसली. मुठी आवळून झोपलीये.

संध्याकाळी बेबीशी बोललो. "बाबा, कधी येताय?" मी म्हटलं, "कारखान्यात एक मॉक ड्रिल करतोय, ते झालं की." ती म्हणाली, "बाबा, मला तुमचं ड्रिल माहीत आहे. मीसुद्धा त्याच घरात वाढलेय." आवाज चढवला नाही. मी बाळाचं वजन विचारलं.

२५ जानेवारी, गुरुवार. ६२८

बेबीला सांगून बसलो म्हणून आता मॉक ड्रिल करणं आलं. पण कल्पना उत्तम आहे. आगीचं ड्रिल होतं, भूकंपाचं होतं, मग मन ढासळल्याचं का नको? नियमावली तयार केली :

शिट्टी एक छोटी, दोन लांब. संकटग्रस्त कामगार धक्क्याजवळच्या स्टुलावर बसेल. गळ्यात 'संकटग्रस्त (सराव)' अशी पाटी. चार मिनिटांच्या आत दोन मदतनीस पोचतील. 'काय होतंय?' एवढंच विचारतील आणि नंतर गप्प बसतील. पुढील वाक्यं उच्चारण्यास सक्त मनाई : 'त्यात काय एवढं', 'मन घट्ट करा', 'माझ्या मेव्हण्यालाही असंच झालं होतं'.

नियमावली समुपदेशक बाईंना दाखवली. मला वाटलं हसतील. त्यांनी शेवटचा नियम वाचून विचारलं, "हा मेव्हणा कुठून आला?" मी म्हटलं, "मेव्हणा नेहमी असतोच." त्यांनी ते स्वतःच्या वहीत लिहून घेतलं.

अडचण एकच. संकटग्रस्त व्हायला कुणी तयार नाही. पाटी गळ्यात घालून चौसष्ट माणसांसमोर बसायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. एचआरच्या बाई म्हणाल्या, रडायला त्यांची ना नाही, पण पगाराच्या आठवड्यात वेळ नाही. पैलवानाकडे बघितलं तर तो फोर्कलिफ्ट घेऊन निघून गेला.

ज्यानं नियम केले त्यानंच बसावं. मीच बसणार.

२९ जानेवारी, सोमवार. ६३२

ड्रिल पार पडलं. सविस्तर अहवाल वेगळा देईन. इथे ठळक बाबी.

अकरा वाजता मीच शिट्टी वाजवली, मीच पाटी गळ्यात घातली आणि मीच स्टुलावर बसलो. एचआरच्या बाई स्टॉपवॉच घेऊन उभ्या. मदतनीस म्हणून पैलवान आणि गोंदवाल्या ताई. दोन मिनिटं दहा सेकंदांत पोचले. लाल जाकिटं घालून. पैलवानाला जाकीट बसत नव्हतं, त्यानं ते खांद्यावर टाकलं होतं. इथपर्यंत सगळं नियमाप्रमाणे.

ताईंनी विचारलं, "काय होतंय?"

माझं वाक्य पाठ होतं : 'मला हल्ली उदास वाटतं.' ते म्हटलं. पुढचं वाक्य आठवेना. सगळे बघतायत, घड्याळ चालू आहे. काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून सोयीसाठी जवळचंच एक उदाहरण घेतलं. म्हटलं, मला घरातून निघता येत नाही. शेगडी बंद आहे हे डोळ्यांना दिसतं, हाताला कळतं, पण जिना उतरेपर्यंत खात्री उडून जाते. वर जाऊन बघितलं की दोन मिनिटं बरं वाटतं, मग पुन्हा. पूर्वी दोनदा बघायचो, आता मोजत नाही. गळ्यात शिट्टी घालून लोकांना धीर देतो आणि आतून माझीच धडधड चालू असते. बायको एकटी गेली. नात नऊ दिवसांची झाली, अजून पाहिली नाही.

मग थांबायचं होतं, पण थांबता येईना. नाक वाहायला लागलं. रुमाल नियमावलीत लिहायचा राहिला होता. ताईंनी आपली ओढणी दिली, तिला गोंदाचा वास होता.

कुणीही 'त्यात काय एवढं' म्हणालं नाही. मी स्वतः मनाई केली होती. त्यामुळे सगळे गप्प उभे राहिले आणि त्या शांततेत पैलवान खाली फरशीवर बसला. म्हणाला, "काका, ऑगस्टमध्ये माझ्या फोर्कलिफ्टवरून पॅलेट पडलं होतं ना."

मला पक्कं आठवत होतं. कटिंगवाल्यापासून हातभर अंतरावर पडलं होतं. कुणाला खरचटलंही नाही. 'थोडक्यात टळलेला अपघात' म्हणून फॉर्म मीच भरला होता, चौदा रकान्यांचा. पॅलेटचं वजन, उंची, अंतर, फरशीचं नुकसान.

"तेव्हापासून मला झोप नाही," पैलवान म्हणाला. "डोळे मिटले की ते पडतं. दर वेळी हातभर अलीकडे पडतं."

चौदा रकान्यांत 'चालकाचं काय झालं' हा रकाना नव्हता. सहा महिने फलकावर मी रोज आकडा वाढवत होतो, अपघाताविना अमुक दिवस, आणि हा रोज त्याखालून जात होता. मला फार वाईट वाटलं. अजून वाटतंय.

कटिंगवाला मागे उभा होता. तोही येऊन फरशीवर बसला आणि पैलवानाला म्हणाला, "मला वाटलं मलाच एकट्याला दिसतं ते." मग ताई बोलल्या. त्यांचं इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे.

नियोजित वेळ चार मिनिटं. प्रत्यक्षात एक्केचाळीस. शेवटी एचआरच्या बाईंनी स्टॉपवॉच बंद केलं आणि उसासा टाकला, पण या वेळचा उसासा बरा होता. साहेब केबिनमधून धावत आले, लोक का उभे आहेत म्हणून. मी पाटी दाखवली. ते म्हणाले, "वा, अगदी खरं वाटलं." मी म्हटलं, "सराव केला होता."

शेरा : ड्रिल समाधानकारक. संहितेबाहेर जाणारे कर्मचारी चार, त्यांत मी एक.

१ फेब्रुवारी, गुरुवार. ६३५

अहवाल द्यायला समुपदेशक बाईंकडे गेलो होतो. पाच मिनिटांचं काम होतं, तासभर बसलो.

त्यांनी अहवाल बाजूला ठेवला आणि विचारलं, "उदाहरण कुणाचं होतं?" मी म्हटलं, "एका परिचिताचं." म्हणाल्या, "बरं. परिचितांना किती वर्षं होतंय हे?" म्हटलं, "बेबी सासरी गेली तेव्हापासून वाढलं. पण ती दक्षता आहे." त्यांनी 'बेबी कोण' असं विचारलं नाही. मला खोलीबाहेर घेऊन गेल्या आणि गोंद विभागाच्या भिंतीवरचं माझंच परिपत्रक दाखवलं. म्हणाल्या, "वाचा."

वाचलं. यंत्र मोडलेलं नाही, फक्त फार हळवं झालं आहे. प्रत्येक वेळी किटली बघायला धावू नये. थोड्या वेळानं ते आपोआप गप्प बसतं.

"यापेक्षा चांगलं मलाही लिहिता आलं नसतं," त्या म्हणाल्या.

मला एकदम हिचं 'लोका सांगे ब्रह्मज्ञान' आठवलं. पुढचं 'आपण कोरडे पाषाण' ती का गिळून बसली होती तेही कळलं.

बाई म्हणाल्या, हा आजार आहे, त्याला नाव आहे, पुष्कळांना असतो आणि यावर उपाय आहे. वेडबीड काही नाही. एका डॉक्टरांचं नाव लिहून दिलं, गोळ्या लागतील की नाही ते डॉक्टर ठरवतील. तोवर गृहपाठ. शेगडी एकदा बघायची, निघायचं. फोटो नाही. छातीत अलार्म वाजू लागला की वाजू द्यायचा, परत जायचं नाही. किती जोरात वाजतोय ते दहापैकी लिहायचं. तो चढेल आणि उतरेल. आणि मनानं 'बंद आहे का?' विचारलं की उत्तर द्यायचं, 'बंद असेल, नसेलही. माहीत नाही.'

मी म्हटलं, "बाई, मी सुरक्षा अधिकारी आहे. कुठल्याही फॉर्मवर 'माहीत नाही' लिहिलं तर मला घरी बसवतील." त्या म्हणाल्या, "काका, आत्ता तेच होतंय."

६ फेब्रुवारी. ६४०

पालथ्या घड्यावर पाणी. काल एकदा बघून निघालो, स्टॉपवर पोचलो, नऊ. परत गेलो. आज वाण्याच्या दुकानापर्यंत गेलो, नऊ. परत गेलो. हिला फोन करून विचारलं, "तुला काय वाटतं, बंद असेल ना?" ही म्हणाली, "मला काय माहीत." तीस वर्षांत पहिल्यांदाच ही एखाद्या बाबतीत 'मला काय माहीत' म्हणाली. बाईंनी तिलाही फोन करून शिकवून ठेवलंय. माझ्या घरात मला धीर द्यायला बंदी आहे.

स्वतःचा राग आला. पेटलेल्या गोदामात शिरेन, पण बंद शेगडीला घाबरतो.

पैलवान उद्यापासून मला घ्यायला दारात येणार आहे. मी बोलावलं नव्हतं.

१५ फेब्रुवारी, गुरुवार. ६४९

पैलवानाला कसली दयामाया नाही. सकाळी दारात उभा राहतो. मी एकदा बघतो, कुलूप लावतो. जिन्यात मी म्हणतो, "बंद होती ना रे?" तो त्या मांजराच्या आवाजात म्हणतो, "बंद असेल काका, नसेलही." पहिल्या दिवशी त्याला धक्का देऊन परत वर जायचा विचार होता, पण जिना अरुंद आणि तो दरवाजाएवढा. आठ, नऊ, नऊ. बसमध्ये आठ. कारखान्याच्या फाटकापाशी पाच. फलकावर आकडा बदलेपर्यंत तीन. परत न जाता तीन झालं, मी स्वतः पाहिलं.

रोज तसं होत नाही. सोमवारी त्याला गुळाचा गणपती, शिट्टीचा गुलाम, जे सुचेल ते बोललो आणि परत गेलो. तो जिन्यात बसून राहिला. नंतर म्हणाला, "चला, पुन्हा." डॉक्टरांकडेही तोच घेऊन गेला, आणि तिथे स्वतःचंही नाव लिहून आला. काल धक्क्यावर त्याला गाणं म्हणताना ऐकलं. बेसूर होतं, पण मी काही बोललो नाही.

थोडक्यात टळलेल्या अपघाताच्या फॉर्ममध्ये पंधरावा रकाना घातला : 'संबंधित माणूस कसा आहे?' साहेबांनी विचारलं, "यात काय भरायचं?" मी म्हटलं, "विचारायचं आणि तो सांगेल ते." त्यांनी सही केली. मग दार लावून घ्यायला उठले, थांबले आणि विचारलं, "बाई गुरुवारी किती वाजेपर्यंत असतात?"

मी रजेचा अर्ज दिला. २३ तारखेचं तिकीट, एकच.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार. गाडीत

आज फलकाचा आकडा पैलवान बदलेल. शिट्टी त्याच्याकडे दिलीये. तो आज घरी आला नव्हता, मीच नको म्हटलं होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि विझवायचंही त्यालाच असतं.

सकाळी एकदा बघितलं. कुलूप लावलं. शेजारच्या वहिनी दारात होत्या, किल्ली त्यांच्याकडे असते. 'जरा बघाल का' असं तोंडापर्यंत आलं होतं. "येतो," एवढंच म्हटलं.

९.१० : गाडी सुटली. नऊ.
९.३० : नऊ. पुढचं स्टेशन आलं की उतरावं का?
९.५० : दहा. स्टेशन आलं. दारापर्यंत गेलो. एका बाईंनी विचारलं, "उतरायचंय का?" मी म्हटलं, "माहीत नाही." त्या मला ओलांडून उतरल्या. गाडी सुटली.
१०.२० : नऊ. हात भिजलेत, अक्षर नीट येत नाही.
११.०० : सात.
१२.१५ : जेवलो. पाच.
१.०० : लिहायचं विसरलो, झोप लागली होती.
४.४० : चार. दोन तासांपूर्वी दोन होतं. मग एकदम सिलिंडर आठवला. चालायचंच.

२४ फेब्रुवारी, शनिवार. बेबीचं घर

काल संध्याकाळी पोचलो. बेबीनं दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, माझ्यामागे जिन्यात बघितलं, जणू मी पुन्हा परत फिरेन. मग बाळ माझ्या हातात दिलं. पाच आठवड्यांचं माणूस. मुठी अजून आवळलेल्याच. नाक माझंच आहे, गोंदवाल्या ताईंना वाईट वाटेल.

मी बसलो, बाळ मांडीवर. तेवढ्यात ही स्वयंपाकघरातून हात पुसत आली. माझा चेहरा बघून तिचे डोळे भरले. आणि तीस वर्षांच्या सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "गॅस बंद केलात ना?"

 बेबीनं आईकडे असं बघितलं की काय सांगू. हिनं जीभ चावली. छातीत वाजू लागलं, मी वाजू दिलं. बाळानं माझं बोट धरलेलं होतं, तसंही उठता आलं नसतं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "बंद असेल, नसेलही."

ही म्हणाली, "बरं." थोडा वेळ बसली. मग म्हणाली, "पण नसेलही म्हणजे काय?" मग उठली. "शेजारच्या वहिनींना एक फोन लावते. नुसतं विचारते." बेबीनं तिच्या हातातून फोन काढून घेतला, तिला माझ्या शेजारी बसवलं आणि विचारलं, "आई, दहापैकी किती?"

"आठ," ही म्हणाली.

मी म्हटलं, "उतरतं. अर्धा तास दे." आणि हिचा हात धरून बसलो. किती वर्षांनी धरला असेल ते मोजलेलं नाही.

आज सकाळी बाळाचा फोटो काढायला गेलो तर फोन म्हणाला, जागा शिल्लक नाही. बेबीच्या मदतीनं शेगडीचे सगळे फोटो निवडले, कुलपाचेही. दोन हजार तीनशे अकरा. पुसून टाका दाबलं, तर फोननं विचारलं, 'तुम्हाला खात्री आहे का?'

खात्री नव्हती. 'होय' दाबलं.

बाब : नात.
स्थिती : उत्तम, मुठी आवळलेल्या.
शेरा : फोटो एकदाच काढला. दुसरा काढला तो तिनं जांभई दिली म्हणून, तो तपासणीत धरू नये.